गुडघ्यातली ताटली

फिजिओ : टाच मागे. अजून मागे. उचलायची नाही, गादीवरून घासत आणायची.

बाई : आणली की.

फिजिओ : टाच आहे तिथेच आहे. मागे गेले ते तुमचे खांदे.

बाई : तुझ्या नजरेतून काही सुटत नाही का गं?

फिजिओ : तेवढ्यासाठीच तर घरी येते मी. आजी, ऑपरेशनला पाच आठवडे झाले. हाड जुळत आलंय, एक्स-रेत छान दिसतंय. एव्हाना पाय काटकोनात यायला हवा होता, आणि आपण अजून इथेच रेंगाळतोय.

बाई : आजी नको म्हणूस. आजी म्हटलं की शाल पांघरून खिडकीशी बसावंसं वाटतं. लॅटिन शिकवायचे ना मी कॉलेजात, तेव्हापासून सगळे मला बाईच म्हणतात. भाजीवालासुद्धा बाई म्हणतो, आणि त्याला मी एक शब्द शिकवलेला नाही.

फिजिओ : बरं, बाई. वाकवा.

बाई : अशी हवालदारासारखी उभी राहू नकोस. पाय घाबरतो.

फिजिओ : पाय नाही घाबरत.

बाई : मग काय करणार? माझी अक्कल आधीपासून गुडघ्यात. तोच मोडला, आता तिच्याकडून काय अपेक्षा ठेवायची?

फिजिओ : हसवून वेळ काढायचा नाही हं. मागच्या वेळीही असंच केलंत. पाय सैल सोडा, आधी पटेला थोडी सरकवून घेते. मग पुन्हा वाकवू.

बाई : तो शब्द असा तोंडातल्या तोंडात नको म्हणूस.

फिजिओ : कुठला? पटेला?

बाई : पतेल्ला. दोन ल आहेत त्यात. दोघांनाही बसायला जागा दे.

फिजिओ : आमच्याकडे सगळे पटेलाच म्हणतात. मोठमोठे सर्जन म्हणतात.

बाई : म्हणू देत. माझी ही दशा त्या शब्दापायीच झालीय.

फिजिओ : शब्दापायी? तुम्ही स्टुलावरून पडलात असं तुमची बहीण सांगत होती.

बाई : पडले, खरंय. पण स्टुलावर कशाला चढले ते कुणी विचारतच नाही. धाकट्या बहिणीनं स्टूल तेवढं लपवून ठेवलं. अगं, आम्ही एक कोश करतोय. लॅटिन शब्दांचा, अर्थ आपल्या भाषेत. वर्षानुवर्षं चाललाय. आता पी अक्षरावर आलोय आणि त्यात पतेल्ला ही नोंद माझ्या वाट्याला आली. रविवारी घरी बसल्या बसल्या एक शंका आली. जुन्या थोरल्या कोशाचा पीचा खंड कपाटाच्या माथ्यावर असतो. चढले, काढला, उतरताना तोल गेला.

फिजिओ : पण पडताना माणूस हात पुढे करतो. मनगटावर निभावतं, गुडघा वाचतो.

बाई : हातात खंड होता.

फिजिओ : मग सोडायचा ना तो!

बाई : सोडायचा? त्याची शिवण उसवली असती.

फिजिओ : म्हणजे पुस्तक छातीशी धरून तुम्ही सरळ गुडघ्यावर आपटलात?

बाई : पुस्तकाला ओरखडासुद्धा नाही.

फिजिओ : धन्य आहात, बाई. हाडाचे दोन तुकडे झाले तुमच्या.

बाई : हो ना. आणि वाईट कशाचं वाटतं सांगू? शंका काय होती तेच आठवत नाही आता.

फिजिओ : हसू नका, पाय हलतोय. मी अंगठ्यानं वाटी डावी-उजवीकडे ढकलतेय. हे दुखतंय?

बाई : नाही. मजेशीर वाटतंय. कुणीतरी बशी सारतंय टेबलावरून.

फिजिओ : चांगली सरकतेय. म्हणजे आतून काही अडलेलं नाही. बाई, मला एक सांगा, तुम्हाला बरं होऊन जायचंय कुठे?

बाई : हा काय प्रश्न झाला?

फिजिओ : मी सगळ्यांना विचारते. कुणाला नातवामागे पळायचं असतं, कुणाला बस पकडायची असते. तुमचं काय?

बाई : कोशाची खोली. तिसऱ्या मजल्यावर आहे. लिफ्ट नाही, वळणाचा लोखंडी जिना आहे. आमच्याकडे एका शब्दाच्या शंभर चिठ्ठ्या असतात. कोणी कुठे, कसा वापरला, ते एकेका चिठ्ठीवर. त्या समोर मांडून नोंद लिहायची. आणि चिठ्ठी खोलीबाहेर जात नाही, हा आमचा पहिल्या दिवसापासूनचा नियम.

फिजिओ : एक गठ्ठा घरी आणला तर काय बिघडतं?

बाई : एकानं नेला होता. फार पूर्वी. दिवा या शब्दाच्या चिठ्ठ्या होत्या. त्याच्या घरी कुणीतरी रद्दी समजून त्यांनी शेगडी पेटवली. दिव्याची नोंद पुन्हा पहिल्यापासून गोळा करायला दोन माणसं म्हातारी झाली. तेव्हापासून कुणी नेत नाही. मी तर नाहीच नाही.

फिजिओ : आणि तुम्ही वर गेला नाहीत तर?

बाई : महिनाअखेरीला पी छापायला जाणार. तोवर मी पोचले नाही तर नोंद नव्या मुलाकडे जाईल. हुशार आहे पोरगा. दोन शब्द लिहील. ताटली, गुडघ्याची वाटी. झालं.

फिजिओ : चुकीचं आहे का ते?

बाई : चुकीचं कशाला असेल? तुझ्याबद्दल मला कुणी विचारलं आणि मी म्हटलं, एक मुलगी आहे, उंच आहे, तर तेही चुकीचं नाही.

फिजिओ : हं.

बाई : गुडघ्याला बाशिंग बांधून बसलेय मी वर जायला, आणि गुडघाच नाही म्हणतोय.

फिजिओ : जिना चढायचा तर गुडघा काटकोनापर्यंत यायलाच हवा. उतरायचा तर त्याहून जास्त. महिनाअखेरीपर्यंत होईल, पण असं लाडालाडानं नाही होणार. बाई, सौदा करू या?

बाई : कसला?

फिजिओ : त्या नव्या मुलाला जे माहीत नाही, ते मला सांगा. एक अर्थ सांगायचा आणि सांगता सांगता टाच मागे घ्यायची. मी हात नुसता खाली धरते.

बाई : विद्यार्थिनी चांगली दिसतेस. फी घेऊन शिकणारी पहिलीच भेटली. बरं, ती टेबलावरची ताटली दे इकडे.

फिजिओ : ही? मला वाटलं, गोळ्या ठेवायला आहे.

बाई : गोळ्या धाकटी ठेवते तिच्यात. ठेवू दे, ताटलीला काम हवंच. पण आणली मी. आमचा दुसरा नियम, वस्तू समोर असल्याशिवाय तिची नोंद लिहायची नाही. कात्री लिहिताना कात्री, चाळण लिहिताना चाळण. नांगर लिहिला तेव्हा फार पंचाईत झाली होती, तिसऱ्या मजल्यावर चढेना.

फिजिओ : टाच.

बाई : घेते गं. तर पतिना म्हणजे पसरट भांडं. त्याचं लहान, लाडाचं रूप पतेल्ला. काठ जेमतेम उचललेला, तळ उथळ. शिजवायचं त्यात आणि वाढायचंही त्यातच. गरिबाघरी एकच असायची, चुलीवरून उतरली की तीच पुढ्यात.

फिजिओ : म्हणजे आपलं पातेलं!

बाई : आलीस का तू पण त्याच खड्ड्यात? हा प्रश्न न विचारणारा एक विद्यार्थी मला आजवर भेटलेला नाही. आवाज जुळला म्हणून नातं जुळत नसतं. रस्त्यात दोघांची नाकं सारखी दिसली तर आपण त्यांची वाटणी करून देत नाही. पण पतेल्लाच्या सख्ख्या लेकी आहेत हं. इटलीत, फ्रान्सात आजही तळणीच्या तव्याला तिचंच नाव आहे, थोडं झिजलेलं. आई कधीच गेली, लेकी अजून स्वयंपाक करताहेत.

फिजिओ : छान. आणि टाच हललेली नाही.

बाई : बोलण्याच्या नादात राहिली.

फिजिओ : नादात नाही. मी बघतेय ना. मांडीचा स्नायू कसा दगडासारखा धरून ठेवलाय तुम्ही. दुसरा अर्थ सांगा.

बाई : दुसरा अर्थ देवघरातला. तिथल्या लोकांचे घरातले देव असायचे, चुलीजवळ राहणारे. मोठ्या देवळातले नाहीत, घरचेच, पंगतीला बसणाऱ्या माणसांसारखे. जेवताना घरातला घास काढून एका पतेल्लात त्यांच्यापुढे ठेवायचे. तर एका विनोदी नाटकात त्या देवांना चक्क ताटलीवाले देव म्हटलंय.

फिजिओ : ताटलीवाले देव! किती गोड.

बाई : गोड आहे ना? मोठ्या देवांच्या हातात वीज, त्रिशूळ, काय काय. यांच्या हातात ताटली. घरातला मुलगा लढाईवर गेला की त्याची काळजी करायची, हे त्यांचं काम. मला फार आवडतात ते.

फिजिओ : पुढे?

बाई : पुढे एक सुभेदार येतो. एका बेटावर नेमलं होतं त्याला, राज्य बघायला. त्या बेटावर घर जरा खाऊन-पिऊन सुखी असलं की चांदीची एक मोठी पतेल्ला असायचीच. नाव लहान भांड्याचं, पण ही मोठी, काठाला आणि मध्यभागी देवांच्या उठावाच्या आकृत्या. घरची सगळ्यात जपलेली वस्तू. आणि याला चांदीच्या कोरीव कामाचा नाद. नाद कसला, हावच. कुणाकडे जेवायला गेला आणि पुढ्यात अशी ताटली आली की जेवण राहिलं बाजूला.

फिजिओ : घेऊन जायचा?

बाई : सरळ! आणि ऐक. ताटली ठेवून घेत नव्हता. कारागीर बसवले होते त्यानं. ते हलक्या हातानं आकृत्या सोडवायचे, आणि उरलेली ताटली मालकाला साभार परत. चांदी तेवढीच. पण मधोमध जिथे देव होते तिथे नुसते ओरखडे. पुढे त्याच्यावर खटला झाला, तेव्हा एका वकिलानं भर कोर्टात हे मांडलं. मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या बेटावरची एखादी बाई डोळ्यांपुढे आली. संध्याकाळी ती त्या परत आलेल्या ताटलीत घास ठेवत असेल का? ठेवत असेल, तर कुणापुढे? देव सोलून घेतले आणि भांडं परत दिलं. सांग, हे ‘ताटली’ या एका शब्दात कसं मावणार?

फिजिओ : नाही मावणार.

बाई : अशी काय बघतेस?

फिजिओ : खाली बघा.

बाई : कशाकडे?

फिजिओ : तुमच्या टाचेकडे. बोलता बोलता आली ती. जवळजवळ काटकोन आहे, बाई. थोडासाच राहिलाय.

बाई : अगं बाई... अगं, सोड. सोड, सोड!

फिजिओ : मी धरलेलंच नाही. तुम्हीच आणलात इथवर. अहो, सरळ का केलात?

बाई : बघितलं ना मी.

फिजिओ : तेच म्हणत होते मघाशी. गुडघा कुठेच अडलेला नाही. अडताय तुम्ही.

बाई : हो. मी अडतेय. मला भीती वाटते. झालं समाधान?

फिजिओ : कशाची?

बाई : आवाजाची. पडले तेव्हा दुखलं नाही लगेच. आधी आवाज आला. बशी फुटावी तसा. आणि मला वाटलं, स्वयंपाकघरात काहीतरी पडलं. मान वळवून मी स्वयंपाकघराकडे बघितलं! मग कळलं की मीच फुटलेय. आता गुडघा थोडा वाकला की मी आत कान लावून बसते, पुन्हा येतो की काय. इतकी वर्षं माणसांना धीट व्हा म्हणून शिकवलं मी, आणि एका हाडाला भितेय. लाज वाटते गं.

फिजिओ : लाज कसली त्यात? इकडे बघा. मी पिशवीत नमुना आणलाय गुडघ्याचा, प्लॅस्टिकचा. हातात धरा. तुमचाच नियम ना, वस्तू समोर हवी?

बाई : दाखव.

फिजिओ : हे मांडीचं हाड, हे नळीचं. आणि ही तुमची पतेल्ला. बरोबर म्हटलं?

बाई : दोन्ही ल आले. शाब्बास.

फिजिओ : आता हिची गंमत सांगू? ही कुठल्याच हाडाला जोडलेली नाही. मांडीच्या स्नायूची जी दोरी खाली येते, तिच्या पोटातच ही वाढते. तान्ह्या बाळाचा गुडघा चाचपला तर हाडाची वाटी नसतेच, नुसती मऊ कूर्चा. पोर चालायला लागतं, पळतं, पडतं, आणि मग तीन-चार वर्षांचं झालं की कूर्चेचं हाड व्हायला लागतं.

बाई : काय सांगतेस! म्हणजे देवानं ताटली नंतर वाढली?

फिजिओ : असंच म्हणा. आणि अशा दोरीतल्या हाडांना आमच्याकडे तिळासारखी हाडं म्हणतात. बाकीची असतात तिळाएवढी. त्यांच्यातलं सगळ्यात मोठं हे.

बाई : नाव तिळाचं आणि घेर ताटलीचा. अगं, हे मला का कुणी सांगितलं नाही आजवर?

फिजिओ : थांबा, खरी गोष्ट पुढे आहे. तुमच्या वाटीचे दोन तुकडे झाले होते. सर्जननी दोन सळया घातल्या आणि पुढून तार आवळली, इंग्रजी आठाच्या आकड्यात. ही अशी. आता ही तार पुढच्या बाजूनंच का? मागून का नाही?

बाई : मला काय ठाऊक?

फिजिओ : हे बघा, मी नमुना वाकवते. वाकवला की दोरी ओढली जाते, पुढची तार ताणली जाते, आणि तुकड्यांची तोंडं मागच्या बाजूनं एकमेकांवर दाबली जातात. तुम्ही ताठ बसता तेव्हा ते नुसते शेजारी शेजारी असतात. वाकवलं की एकमेकांना घट्ट धरतात.

बाई : म्हणजे वाकवल्यानं मोडत नाही?

फिजिओ : वाकवल्यानं जुळतं.

बाई : पुन्हा वाकव बरं तो. हळू... अरे वा. काय डोकं चालवलंय गं ज्यानं कुणी हे शोधलं त्यानं! जे ओढून तोडायला निघालंय, त्याच्याकडूनच जोडून घ्यायचं.

फिजिओ : मला पण पहिल्यांदा शिकवलं तेव्हा रात्रभर झोप लागली नव्हती. आईला उठवून सांगितलं होतं मी.

बाई : तुझ्या हातात हे असं कळतं का, आत काय चाललंय ते?

फिजिओ : थोडंफार. बोट ठेवलं की कळतं, स्नायू खरंच थकलाय की नाटक करतोय.

बाई : माझा?

फिजिओ : तुमचा उत्तम नट आहे.

बाई : पाजी आहेस. पण हे तारेचं मला इस्पितळात कुणी सांगितलं असतं तर...

फिजिओ : सर्जननी सांगितलं होतं म्हणे. तुम्ही त्यांचा उच्चार दुरुस्त करत होतात.

(दारावरची बेल वाजते. फिजिओ जाऊन दार उघडते.)

संपादक : बाई? येऊ का? व्यायाम चाललाय वाटतं... मी हवं तर नंतर...

बाई : ये रे, ये. हा आमचा संपादक. माझ्या वर्गात शेवटच्या बाकावर बसायचा, म्हणून अजून त्याला शेवटचा बाकच म्हणतो आम्ही. आता सगळा कोश याच्या खांद्यावर आहे, तरी दारात असा उभा राहतो, जसा काही उशीर झालाय वर्गाला.

संपादक : नमस्कार. म्हणजे... कसा आहे बाईंचा गुडघा?

फिजिओ : आज पहिल्यांदा ऐकायला लागलाय.

बाई : काखेतला डबा कसला?

संपादक : मी काय म्हणतो, बाई, तुम्ही आधी रागावू नका.

बाई : असं कुणी म्हणालं की मला रागवावंच लागतं.

संपादक : चिठ्ठ्या आहेत. पतेल्लाच्या. सगळ्या.

बाई : खोलीबाहेर आणल्यास?

संपादक : आणल्या. कुणाला विचारलं नाही. नियम मोडला, मला माहीत आहे. बसमध्ये सगळ्या वाटेत हा डबा मी दोन्ही हातांनी धरून बसलो होतो, शेजारचा माणूस सरकून बसला. पण बाई, मी विचार केला, नियम कोशासाठी आहे ना? आणि ही नोंद तुमच्याशिवाय दुसऱ्या कुणी लिहावी असं मला वाटत नाही. त्या पोराच्या नोंदी वाचतो मी, बरोबर असतात, एक चूक सापडत नाही. पण परवा खिळ्याची नोंद काढून वाचली, तुमची, जुनी. वाचता वाचता माझा अंगठा दुखला हो. खरंच दुखला. असं कोण लिहितं आता?

बाई : पुरे. वितळशील.

संपादक : नाही, आज बोलू द्या मला. माझ्या घरात लॅटिन कुणाच्या बापानं ऐकलं नव्हतं. मी शेवटच्या बाकावर झोपायला बसायचो. तुम्ही एक दिवस वर्गात बादली घेऊन आलात, पाण्यानं भरलेली, आणि बादलीला रोमन लोक काय म्हणायचे ते सांगायला लागलात. मी त्या दिवसापासून जागाच आहे. म्हणून म्हणतो, इथेच लिहा. मी रोज संध्याकाळी येईन, लिहिलेलं घेऊन जाईन. पी संपला की क्यू आणून देईन, मग आर. तुम्हाला त्या जिन्याचं नावसुद्धा काढावं लागणार नाही.

बाई : दे इकडे तो डबा.

संपादक : घ्या ना.

बाई : चांगलं वजन आहे. बऱ्याच जमल्यात की. दोऱ्याची गाठ माझीच. आणि हा वास... तुम्ही खिडकी उघडत नाही का रे वर? अगं, तू का आवराआवर करायला लागलीस?

फिजिओ : तुमचं काम घरी आलं ना. बरं झालं.

बाई : मग?

फिजिओ : मग काही नाही. ठरलेत तेवढे दिवस मी येईन. खोलीतून स्वयंपाकघरात, स्वयंपाकघरातून खोलीत, एवढ्यापुरता गुडघा आत्ताही वाकतो तुमचा.

बाई : टोमणा मारतेस?

फिजिओ : नाही, बाई. खरं सांगतेय. माझे पुष्कळ पेशंट इथवर येतात आणि थांबतात. घरात सगळं हातात मिळतं. मुलगा आणून देतो, सून आणून देते, अगदी प्रेमानं. मग गुडघ्याला वाकायला कारण उरत नाही. आणि हे सुरुवातीचे आठवडे एकदा हातचे गेले की पुढे कितीही ओढा, येत नाही तो. मला तुमची नोंद व्हायला हवीच आहे. मघापासून तर जास्तच हवी आहे. पण मी गुडघ्याची माणूस. मला हे सांगायलाच हवं.

संपादक : म्हणजे मी... मी चूक केली का?

फिजिओ : नाही हो. तुमच्याइतकं कुणी कुणासाठी करत नाही. तेच तर अवघड आहे.

संपादक : बाई, तुम्हीच सांगा, काय करू?

बाई : थांब रे, विचार करू दे. उघडावासा वाटतोय हा डबा. फार वाटतोय. एक चिठ्ठी ऑलिव्हच्या झाडाची असेल यात. उन्हानं झाडाला चट्टा पडतो, त्यालाही पतेल्ला म्हणायचे. आणि ती खडकावरची टोपीसारखी शिंपली, तिचं शास्त्रज्ञांनी ठेवलेलं नाव. भरतीचं पाणी आलं की ती चरायला जाते आणि ओहोटीच्या आत परत आपल्याच जागेवर येऊन बसते, खडकात तिच्या मापाचा खळगा झालेला असतो म्हणे. आणि आता या मुलीनं दिलेलं तान्ह्या बाळाचं. सगळं डोक्यात रांग लावून उभं आहे. आज बसले तर आज लिहीन मी.

संपादक : मग लिहा ना, बाई.

बाई : आज लिहीन, उद्या लिहीन. खरंच चांगलं लिहीन. आणि तू येशील, दारात उभा राहशील, बाई कशा आहात म्हणशील. मग क्यू आणशील. हळूहळू तुमची तिकडची भांडणं मला दुसऱ्या दिवशी कळायला लागतील. मग तिसऱ्या दिवशी. मग तू म्हणशील, बाईंना कशाला उगाच त्रास द्यायचा. रागावून नाही म्हणत मी. तू म्हणशीलच, कारण तू चांगला आहेस. मला नोंद हवी आहे रे. पण मला ती खोलीही हवी आहे, तिथली माझी खुर्चीही हवी आहे, आणि वर पोचल्यावर धाप लागते तीसुद्धा हवी आहे. घे हा.

संपादक : परत नेऊ?

बाई : आलास तसाच ने. दोन्ही हातांनी धरून.

संपादक : पण तारीख पुढे जाणार नाही, बाई. छापखाना थांबणार नाही. महिनाअखेरीला तुम्ही नाही पोचलात तर मला ती नोंद त्याला द्यावी लागेल. माझा इलाज नसेल.

बाई : देशील. आणि त्याला सांगशील, समोर ताटली ठेवून लिही.

संपादक : तुम्हाला चालेल?

बाई : नाही चालणार. फार वाईट वाटेल. पण तरीही तू देशील.

संपादक : तुम्ही फार कठीण आहात, बाई.

बाई : आणि तू डोळे पूस. चिठ्ठ्यांवर शाई पसरते.

संपादक : पुसतो. येतो मी. ताई, बाईंना... म्हणजे, तुम्ही बघा त्यांच्याकडे.

फिजिओ : बघते. सांभाळून उतरा, जिन्यावर अंधार असतो.

बाई : दार लावू नकोस लगेच. गेला?

फिजिओ : उतरताहेत. डब्यामुळे कठडा धरता येत नाहीये त्यांना, बिचारे एकेक पायरी चाचपत चाललेत. आता दिसेनासे झाले.

बाई : मी मूर्खपणा केला का गं?

फिजिओ : मला माहीत नाही, बाई. महिनाअखेरीला कळेल.

बाई : खोटा धीर देत नाहीस, हे बरं आहे तुझं.

फिजिओ : पण एक सांगू? आज ते आले नसते तरी मी घरी जाऊन आईला सांगणार होते. एक पेशंट आहेत, म्हणून.

बाई : काय सांगणार होतीस?

फिजिओ : ते नाही सांगत. नीट सांगायचं तर दोन शब्दांत मावायचं नाही.

बाई : ये, बस इथे. जिन्यावर आधी कुठला पाय टाकायचा असतो?

फिजिओ : चढताना चांगला. उतरताना दुखरा. पण त्याच्याआधी काटकोन.

बाई : दुखेल?

फिजिओ : हो. आज दुखेल.

बाई : बरं. वाकव.